रवांडाची डेलिगेट: पहिल्या एमयूएनमधल्या निराशेचा एक प्रकरण अभ्यास

नागपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या मराठीच्या सरांनी या विद्यार्थिनीला माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. कारण होतं एक खोडलेलं नाव. वक्तृत्व स्पर्धेला जाणाऱ्यांच्या यादीतून तिने स्वतःचं नाव काढायला लावलं होतं. पाचवीपासून शाळेसाठी ढाली आणि प्रमाणपत्रं घेऊन येणारी मुलगी सरांना म्हणाली, "मला बोलता येत नाही, सर." त्याच्या काही दिवस आधी ती तिच्या आयुष्यातल्या पहिल्या एमयूएनला, म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स या विद्यार्थ्यांच्या परिषदेला, जाऊन आली होती.

हे प्रकरण कुठल्याही मोठ्या आजाराचं नाही, आणि मला ते लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच. अशा निराशेला घरातली मोठी माणसं "चार दिवसांत विसरेल" म्हणून सोडून देतात. पुष्कळ मुलं विसरतातही. पण काही मुलं त्याच चार दिवसांत स्वतःबद्दल एक निकाल लावून मोकळी होतात, आणि तो निकाल पुन्हा कुणी तपासायला घेत नाही. विद्यार्थिनीच्या आणि तिच्या आईबाबांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे इथे मांडते आहे.

मुलगी, घर आणि तयारी

वय सोळा, अकरावी विज्ञान. दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची, सेमी इंग्रजी. घर नंदनवनच्या बाजूला. वडील एसटीत कंडक्टर, आई घरीच शिवणकाम करते, आजी सोबत राहते. घरात इंग्रजी पेपर येत नाही, पण मराठी पेपर आजीपासून सगळे वाचतात आणि जेवताना त्यावर वादही घालतात. मुलीचं बोलणं तिथेच घडलेलं आहे.

एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेसारखी भरवलेली विद्यार्थ्यांची सभा. प्रत्येकाला एक देश मिळतो, त्या देशाचा डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून बोलायचं, गट जमवायचे, ठराव लिहायचा, मतदान करायचं. शेवटी बेस्ट डेलिगेट, हाय कमेंडेशन, स्पेशल मेन्शन अशी बक्षिसं. नागपुरात अशा परिषदा सीबीएसई शाळा आणि मोठी कॉलेजं भरवतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं तिथे कमी दिसतात. फी दीड हजाराच्या वर होती. वरून फॉर्मल कपडे हवेत म्हणून आईने काळा ब्लेझर स्वतः शिवून दिला.

समिती पर्यावरणाची, विषय प्लास्टिक प्रदूषण. पसंतीच्या यादीत तिने भारत, फ्रान्स आणि ब्राझील लिहिले होते. मिळालं रवांडा, आफ्रिकेतला एक छोटा देश. तिथूनच थोडं मन खट्टू झालं होतं, पण तिने तयारी सोडली नाही. रवांडाने २००८ सालीच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली हे तिने शोधलं, नव्वद सेकंदांचं भाषण लिहिलं, कॉलेजच्या मॅडमकडून इंग्रजी तपासून घेतलं आणि पाठ केलं. आरशासमोर, आजीसमोर, गच्चीवर. वक्तृत्वाची तयारी ती अशीच करत आली होती, आणि त्या तयारीने तिला कधी दगा दिलेला नव्हता.

त्या तीन दिवसांत काय झालं

हा भाग सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं याच तपशिलांवर उभं आहे. तिच्याकडून हे तपशील मिळायला वेळ लागला. सुरुवातीला तिचं उत्तर एकच होतं: "सगळंच चुकलं."

पहिल्या दिवशी जनरल स्पीकर्स लिस्ट उघडली तेव्हा तिने प्लाकार्ड, म्हणजे देशाच्या नावाची पाटी, वर केलं. हात वर करणारे खूप होते, तिचं नाव यादीत बरंच खाली लागलं. सात-आठ जण बोलले आणि कुणीतरी मॉडरेटेड कॉकसचा प्रस्ताव मांडला, म्हणजे एका उपविषयावर छोट्या-छोट्या भाषणांची चर्चा. तो पास झाला, मग दुसरा पास झाला. यादी मागे पडली ती पडलीच. पाठ केलेली नव्वद सेकंदं बोलायची वेळ तीन दिवसांत आली नाही.

मॉडरेटेड कॉकसमध्ये तिला पंचेचाळीस सेकंद मिळाली. उपविषय होता कचऱ्याची आकडेवारी देशांनी कशी द्यायची. तिने पाठ असलेल्या भाषणाची सुरुवात केली, अध्यक्ष, परीक्षक, मित्रहो या वळणाचं इंग्रजी अभिवादन, मग रवांडाची ओळख. मुद्द्यावर यायच्या आत चेअरने, म्हणजे समितीच्या अध्यक्षाने, वेळ संपली म्हणून टेबलावर ठोकलं. मध्येच ती "आय थिंक" म्हणाली होती. डेलिगेटने स्वतःचा उल्लेख देशाच्या नावाने करायचा असतो, ते चेअरने सांगितलं. मागच्या रांगेत दोन-तीन जण हसले.

दुसऱ्या दिवशी अनमॉडरेटेड कॉकस झाला, सगळे उठून हॉलभर फिरत गट बांधतात तो. दोन शाळांची मुलं एकमेकांना आधीपासून ओळखत होती, त्यांचा ब्लॉक पाच मिनिटांत तयार. एकाच्या लॅपटॉपवर ठरावाचा मसुदा उघडला गेला. हिच्याकडे फोन होता, पण त्या फाइलमध्ये लिहायचा अधिकार तिला कुणी दिला नाही. ती तोंडाने मुद्दे सांगत राहिली. त्यातला एक मुद्दा कचरावेचकांचा होता. तिच्या घरापासून भांडेवाडीचा डम्पिंग यार्ड फार लांब नाही. उन्हाळ्यात तिथे आग लागली की धूर घरापर्यंत येतो, आणि पाठीवर पोतं घेतलेल्या बाया रोज सकाळी तिच्या गल्लीतून जातात. प्लास्टिक कमी झालं तर यांच्या पोटाचं काय, असं तिने विचारलं. लॅपटॉपवाल्या मुलाने मान हलवली आणि टाइप केलं. तिसऱ्या दिवशी ठराव छापून आला तेव्हा ते कलम त्यात होतं. ज्यांनी ठराव लिहिला ते स्पॉन्सर, त्यांत रवांडाचं नाव नव्हतं. रवांडा खाली सिग्नेटरींमध्ये होतं, म्हणजे ज्यांना फक्त या ठरावावर चर्चा व्हावी असं वाटतं त्या देशांमध्ये.

बक्षीस समारंभात तिचं नाव आलं नाही. तिने शेवटच्या स्पेशल मेन्शनपर्यंत आशा ठेवली होती. ज्या मुलाच्या लॅपटॉपवर मसुदा होता त्याला हाय कमेंडेशन मिळालं.

घरी परतल्यावर

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो यायला लागले तसा तिने ग्रुप सोडला. ब्लेझर कपाटात मागे टाकला. बाबा ड्युटीवरून आले, तिचं तोंड पाहून म्हणाले, "पैशाचं जाऊ दे बाप्पा, पण तू जेवून काहून नाही राहिली?" त्यांनी पैशाचा विषय काढला तो तिला बरं वाटावं म्हणून. तिच्या मनात मात्र ते दीड हजार तेव्हापासून जास्तच टोचायला लागले. मामा आले होते, ते म्हणाले हे कॉन्व्हेंटवाल्यांचं काम आहे, आपल्या पोरांनी कशाला जायचं. आईला मामाचा राग आला, पण त्यांना उत्तर काय द्यायचं हे तिलाही सुचलं नाही.

कॉलेजात मॅडम म्हणाल्या, "अगं, अवॉर्ड महत्त्वाचं नसतं, अनुभव महत्त्वाचा." हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं, असं तिने मला पुढे सांगितलं. बोलणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. तरी त्याचा परिणाम असा का झाला ते समजून घ्यायला हवं. तिला अवॉर्ड हवं होतं. मनापासून हवं होतं. ते महत्त्वाचं नव्हतं असं म्हटलं की तिचं हवं असणंच चुकीचं ठरतं. आधी हरल्याचं दुःख होतं, आता हरल्याचं दुःख होतंय याची लाजही त्यात मिसळली.

आजीने काही विचारलं नाही. संध्याकाळी शेंगा सोलायला तिला सोबत बसवलं. घरात ती त्या दिवसांत थोडीफार बोलत होती ती फक्त आजीशी, आणि मला हे योगायोगाचं वाटत नाही.

आधी काय तपासलं

पहिल्या भेटीत मी सल्ला दिला नाही. झोप कशी आहे, भूक, शाळा-कॉलेजला जाणं, मैत्रिणींशी बोलणं, जगणंच नको वाटतं का, हे विचारलं. पहिले तीन-चार दिवस जेवण आणि झोप बिघडली होती, मग बरीचशी सुधारली. जिवाला धोका वाटावा असं काही नव्हतं. हे विचारायला पालक आणि शिक्षक कचरतात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरेल अशी भीती वाटते. ती भीती धरू नये, सरळ विचारावं. उदासी दोन आठवड्यांच्या पुढे तशीच राहिली, कशातच रस वाटेना, किंवा मरणाची भाषा आली, तर परिषदेचं निमित्त बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जायला हवं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. मरणाची भाषा असेल तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये, त्याच दिवशी फोन करावा.

हिच्या बाबतीत ती वेळ नव्हती. अडकलेली गोष्ट वेगळी होती: एका प्रकारच्या सभेतल्या तीन दिवसांवरून तिने "मला बोलता येत नाही" असा सरसकट निष्कर्ष काढला होता, आणि त्या निष्कर्षाने आधीच्या सहा वर्षांच्या ढालीही खोट्या ठरवल्या होत्या.

निराशा सुटी करणं

या कामात माझं एक ठाम मत बनलं आहे. निराश मुलाची समजूत काढायची घाई करू नये. आधी ती निराशा सुटी करून पाहावी, तिच्यात काय काय आहे ते. बाहेरून एक दिसणारी निराशा बहुतेक वेळा चार-पाच वेगळ्या गोष्टींची गाठ असते, आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. सगळ्यांवर एकच वाक्य लावलं की एकही सुटत नाही.

पुढच्या भेटीत मी तिला वहीत घटना लिहायला सांगितल्या, फक्त कॅमेऱ्याला दिसल्या असत्या तेवढ्या. "माझी फजिती झाली" हे कॅमेऱ्याला दिसत नाही, "चेअरने टेबल ठोकलं" हे दिसतं. शेजारच्या रकान्यात त्या क्षणी मनाने काय म्हटलं ते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीचा हा पाया आहे: घडलेली घटना आणि आपल्याला झालेला त्रास यांच्या मधोमध आपली एक समजूत असते, आणि बदलायचं असेल तर हात तिथे घालता येतो. वर मी सांगितलेला तीन दिवसांचा वृत्तांत या वहीतूनच आला आहे. लिहिता लिहिता ती दोनदा थांबली आणि म्हणाली, "हे मी विसरलेच होते." त्यातली एक गोष्ट म्हणजे कचरावेचकांचं कलम.

मग आम्ही गाठी वेगळ्या केल्या.

पहिली गाठ नियमांची. यादी मागे पडते, कॉकस पुढे येतात, मुद्दा पहिल्या दहा सेकंदांत मांडावा लागतो, दुसऱ्या डेलिगेटना चेअरमार्फत पाठवलेल्या चिठ्ठ्यांनाही गुण असतात आणि थेट पाठवलेल्यांना नसतात, मसुद्याच्या फाइलमध्ये आपलं नाव सुरुवातीलाच घालून घ्यायचं असतं. यातलं काहीही तिला कुणी सांगितलं नव्हतं. आयोजकांनी नियमांची पीडीएफ पाठवली होती, पण ती वाचून या गोष्टी कळत नाहीत. दुसऱ्या मुलांच्या शाळांमध्ये एमयूएनचे क्लब आहेत, वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात. जे तिला बुद्धीतला फरक वाटत होतं त्यातलं बरंचसं आधी मिळालेली माहिती होती. हे नुसतं सांगून तिला पटलं नसतं. वहीत घटनांसमोर "हा नियम मला माहीत होता का?" असा तिसरा रकाना आम्ही आखला, आणि तो भरताना तिचं तिला दिसलं.

दुसरी गाठ इंग्रजीची. इथे मी तिला खोटा दिलासा दिला नाही. तिचं इंग्रजी वाचायला चांगलं आहे, लिहायला ठीक आहे, आयत्या वेळी बोलायला कच्चं आहे. पण वही पाहिली तर वेळ संपली ती अभिवादन आणि प्रस्तावना यांत. तेच भाषण मराठीत केलं असतं तरी चेअरने तिथेच ठोकलं असतं. वक्तृत्वात सात मिनिटं असतात, हळूहळू रंग भरायचा असतो, टाळी कुठे येणार हे ठाऊक असतं. पंचेचाळीस सेकंदांच्या बोलण्याचा घाटच निराळा. भाषेची अडचण खरी होती, पण त्या दिवशी तिच्या आड आधी आला तो घाट.

तिसरी गाठ हसण्याची. तिला वाटत होतं की अख्ख्या समितीला ती "आय थिंक"वाली मुलगी म्हणूनच आठवते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मी तिला सांगितले. विद्यार्थ्याला ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि किती जणांनी तो ओळखला असेल असं विचारायचं. घालणाऱ्याला वाटायचं, निम्म्या लोकांनी तरी ओळखला. प्रत्यक्षात आकडा त्याच्या सुमारे अर्धाच निघायचा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते अमेरिकेतलं आहे, मॅडम." बरोबर होतं तिचं. मग तिने स्वतःच पडताळा घ्यायचा ठरवला. समितीतल्या दोन मुलींचे नंबर तिच्याकडे होते. तिने विचारलं, तुम्हाला माझं काय आठवतं? एकीला फारसं काही आठवेना. दुसरी म्हणाली, "तूच ना ती, रॅगपिकर्सवाली? तो पॉइंट भारी होता." हसल्याचं दोघींच्या लक्षातही नव्हतं. संशोधनाच्या आकड्याने जे झालं नसतं ते या एका मेसेजने झालं.

चौथी गाठ अन्यायाची, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. तिचा मुद्दा घेतला गेला आणि तिचं नाव वगळलं गेलं, हे खरं घडलं होतं. ही तिची समजूत नव्हती. अशा वेळी "तू जास्त मनाला लावून घेतेस" म्हणणं म्हणजे मुलीला तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस असं शिकवणं. मी स्पष्ट म्हटलं, हे चुकीचं झालं. ती थोडी रडली. मग आम्ही त्या रागाचं काय करता येईल ते पाहिलं. तिने आयोजकांना एक ईमेल लिहिला, इंग्रजीत, स्वतः, चार वेळा खोडून. त्यात दोन गोष्टी होत्या: माझ्या कामाबद्दल अभिप्राय मिळेल का, आणि मसुद्याच्या फाइलमध्ये ब्लॉकमधल्या सगळ्या देशांना लिहायची परवानगी असावी असा नियम पुढच्या वर्षी करता येईल का. उत्तर आलं ते सभ्य आणि कोरडं. गुण सांगता येत नाहीत, सूचनेची नोंद घेतली. तिला ते पुरेसं वाटलं नाही, मलाही नाही. तरीही ईमेल पाठवल्यावर तिची झोप आणखी सुधारली असं तिच्या आईने सांगितलं.

पैशांची गाठ आमच्या खोलीत सुटली नाही, ती घरीच सुटली. तिने बाबांना विचारलं, दीड हजार वाया गेले का? बाबा म्हणाले, त्यांच्या गाडीत रोज शेपन्नास माणसं चढतात, त्यांतली निम्मी तर कंडक्टरकडे बघतही नाहीत, म्हणून तिकीट फाडायचं थांबतं का? हे ती मला सांगत होती तेव्हा पहिल्यांदा हसली. उदाहरण विषयाला धरून होतं का, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण बापाने लेकीला दिलेल्या उत्तराला व्याकरण लावू नये.

रस परत आला तो विषयातून

मला खरा बदल जाणवला तो एका वेगळ्याच बाजूने. एक दिवस ती आली ती रवांडाबद्दल बोलतच. प्लास्टिकवर जागतिक करार करायचा हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नैरोबीत मार्च २०२२ मध्ये संमत झाला, आणि त्याचा पहिला मसुदा पुढे आणणाऱ्या देशांमध्ये पेरूसोबत रवांडा होता. पुढे महत्त्वाकांक्षी करार मागणाऱ्या देशांच्या गटाचं सहअध्यक्षपदही नॉर्वेबरोबर रवांडाकडे. म्हणजे त्या हॉलमध्ये ज्या देशाला सगळे लिंबूटिंबू समजत होते, त्या विषयावर तोच पुढाकार घेणारा देश होता. "आणि मॅडम, त्या ठरावात कचरावेचकांचा उल्लेख आहे!" आहेच: अनौपचारिक आणि सहकारी पद्धतीने काम करणाऱ्या कामगारांचं प्लास्टिक गोळा करण्यातलं, निवडण्यातलं योगदान त्या ठरावाच्या प्रास्ताविकात मान्य केलेलं आहे. भांडेवाडीच्या बायांकडे पाहून तिने मांडलेला मुद्दा नैरोबीत आधीच कागदावर आलेला होता.

ती चिडली होती. हे आधी का नाही वाचलं, वाचलं असतं तर स्पॉन्सर आम्हीच असतो. मला ती चीड फार चांगली वाटली. आठवडाभरापूर्वी तिचं प्रत्येक वाक्य स्वतःच्या नालायकीवर येऊन थांबायचं, आता ते रवांडावर, प्लास्टिकवर, पुढे काय वाचायचं यावर जात होतं. निराशेतून बाहेर येणाऱ्या मुलांमध्ये मी ही खूण शोधते: लक्ष स्वतःवरून उठून कामाकडे वळलं का. हसू परत येण्यापेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते.

तिने पुढचंही वाचलं. डिसेंबर २०२४ ला या कराराच्या वाटाघाटींची दक्षिण कोरियाच्या बुसानमधली फेरी करार न होता संपली, ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हातलीही. यावर तिने काही शिकवण वगैरे काढली नाही. तिला प्रश्न पडला की तेल उत्पादक देशांना उत्पादनावर मर्यादा नको असेल तर मतदान का घेत नाहीत. मग सर्वसंमती आणि मतदान यांच्यातल्या भांडणावर ती बराच वेळ बोलली. माझ्याकडे त्या दिवशी विचारायला काही उरलं नव्हतं.

सराव

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की "मला हे जमेल" हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो प्रत्यक्ष जमण्यातून. दुसरा मार्ग आपल्यासारख्या कुणाला तरी जमताना पाहणं. कुणी धीर देणं हा त्यापेक्षा कमजोर मार्ग, आणि आपण मोठी माणसं बहुतेक तोच वापरतो.

म्हणून सराव बारीक ठेवला. फोनवर पंचेचाळीस सेकंदांचा टायमर. एक दावा, एक पुरावा, एक मागणी, बस. अभिवादन नाही. आधी मराठीत, कारण घाट बसवायचा होता. तो बसल्यावर इंग्रजीत. विषय घरचे: नंदनवनमधला बाजार रस्त्यावर भरावा का, मेट्रोच्या स्टेशनपासून घरापर्यंत बस का नाही. आजी टायमर धरायची आणि वेळ संपली की ताटलीवर चमचा वाजवायची. कॉलेजच्या सरांनी तिची गाठ एका माजी विद्यार्थ्याशी घालून दिली. तोही मराठी माध्यमाचा, आता इंजिनिअरिंगला, एमयूएनमध्ये चेअर म्हणून बसतो. त्याने तिला सांगितलं की त्याच्या पहिल्या परिषदेत त्याने एकदाही प्लाकार्ड उचललं नव्हतं. माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा याचं वजन जास्त होतं.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं. शहरात मोर्चे, बंद रस्ते आणि पोलिसांच्या गाड्या यापलीकडे आपल्या मुलांचा त्याच्याशी फार संबंध येत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. तिने मैत्रिणींसोबत सभागृहाचं कामकाज टीव्हीवर पाहिलं. हरकतीचा मुद्दा, औचित्याचा मुद्दा, वेळ संपली म्हणून बोलणं आवरायला लावणारे अध्यक्ष, उठून पुन्हा संधी मागणारे सदस्य. ज्या नियमांनी ऑगस्टमध्ये तिचा गोंधळ केला होता ते इथे मराठीत, ओळखीच्या चेहऱ्यांच्या तोंडी चालले होते. तिने वहीत त्यांच्या जोड्या लावल्या.

पुढे काय झालं

वक्तृत्व स्पर्धेला ती त्या वर्षी गेली नाही. सरांनी आग्रह केला नाही, ते त्यांनी योग्य केलं. जानेवारीत ती दुसऱ्या एका परिषदेला गेली, समिती वेगळी, देश वेगळा. कॉकसमध्ये ती अनेकदा बोलली, चिठ्ठ्या चेअरमार्फत पाठवल्या, मसुद्यावर स्पॉन्सर म्हणून तिच्या देशाचं नाव लागलं. बक्षीस तेव्हाही मिळालं नाही.

ती संध्याकाळ वाईट गेली. तिने मला फोन केला आणि सरळ म्हणाली, "मॅडम, मला यावेळी हवं होतं आणि मिळालं नाही, मला खूप राग येतोय." मी म्हटलं, येऊ दे. एलिस यांची पद्धत दुःख पुसून टाकत नाही. हवं असलेलं न मिळाल्याचं दुःख ती रास्त मानते, आणि त्यातून "मी निकामी" हे काढणं तेवढं थांबवते. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. ग्रुप तिने सोडला नाही. फोटो पाहिले, दोघांना अभिनंदनाचे मेसेज केले, तिसऱ्याला केला नाही, कारण त्याने अनमॉडरेटेड कॉकसमध्ये दुसऱ्याचा कागद ढापल्याचं तिने पाहिलं होतं.

बक्षिसांच्या या पद्धतीबद्दल मला बोलायचं आहे. तीसचाळीस मुलांच्या समितीत चार-पाच जणांना नाव मिळतं, बाकीच्यांना आपण कुठे कमी पडलो याची एक ओळही मिळत नाही. चेअरकडे गुणांचा तक्ता असतो. त्यातल्या दोन ओळी पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक मुलाला लिहून देणं अवघड नाही. फी घेणाऱ्या आयोजकांनी तेवढं करावं. आणि शाळांनी मुलांना अशा सभेत ढकलण्याआधी निदान एक दुपार नियम खेळून दाखवावेत. यातलं काही महाग नाही.

तिच्या कॉलेजात आता ते सुरू झालं आहे. परिषदेच्या आधीच्या शनिवारी सर एक वर्ग मोकळा ठेवतात, बारावीची मुलं अकरावीच्या मुलांना घेऊन खोटी समिती भरवतात. या विद्यार्थिनीकडे मसुदा लिहिण्याचा तास असतो. तिचा पहिला नियम फाइल उघडण्याआधीचा आहे: गटातल्या प्रत्येकाला लिहिण्याची परवानगी मिळेपर्यंत कुणीही टाइप करायला सुरुवात करायची नाही.